महाराष्ट्रातील कुक्कुटपालन

महाराष्ट्रातील कुक्कुटपालन : अंडी व मांस मिळविण्यासाठी कोंबड्या पाळणे, त्यांची पैदास करणे व त्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांची विक्री करणे ह्या व्यवसायास कुक्कुटपालन म्हणतात. व्यापक अर्थाने बदके, टर्की, लावे, गिनी कोंबड्या ह्यांच्या पालनाचाही त्यात समावेश होतो. तथापि महाराष्ट्रात आर्थिक दृष्ट्या कोंबड्यांनाच प्राधान्य आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतकऱ्याच्या अंगणातील किरकोळ जोडधंदा असलेल्या ह्या व्यवसायाचे पुढील पन्नास वर्षांत राज्याच्या कृषि-अर्थव्यवस्थेतील एका स्वतंत्र उद्योगात रूपांतर झाले. मका व सोयाबीन ह्या पिकांची बाजारपेठ, अल्पभूधारकांचे उत्पन्न, शहरांचा प्रथिनपुरवठा व फळबागांना लागणारे सेंद्रिय खत ह्या सर्व गोष्टी आज त्याच्याशी निगडित आहेत. राज्याच्या शेतीतील अन्य कोणत्याही शाखेत इतक्या थोड्या काळात एवढा मोठा बदल क्वचितच झाला असेल.

पूर्वपीठिका : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) हा होय. कोंबडी प्रथम सिंधू खोऱ्यात माणसाळविण्यात आली, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुरातत्त्वीय संशोधनानुसार मात्र निःसंशय पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांची सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथील असून त्यांचा काळ इ. स. पू. सु. १६५० ते १२५० असा ठरविण्यात आला आहे. भात व भरड धान्ये ह्यांच्या शेतीमुळे रानपक्षी मानवी वस्तीकडे ओढले गेले, असे हे संशोधन सुचविते. सह्याद्रीच्या जंगलांत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याचाही (गॅलस सोनेराती) पाळीव कोंबडीच्या घडणीत वाटा आहे. बहुतेक व्यापारी जातींत दिसणाऱ्या पिवळ्या कातडीचा जनुक ह्या जातीकडून आलेला असल्याचे २००८ मध्ये दाखविण्यात आले.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत कोंबड्या पाळण्याची प्रथा जुनी आहे. दिवसभर उकिरड्यावर व परसात चरून रात्री डालग्याखाली वा खुराड्यात झाकल्या जाणाऱ्या चार-दोन कोंबड्या हेच तिचे स्वरूप होते. त्यांच्यावर खर्च जवळजवळ नसे आणि उत्पन्नही बेताचेच असे. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणपणे ५० ते ६० अंडी देते व मधूनमधून खुडूक होते. हे उत्पन्न बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राही; मीठमिरची, औषधपाणी वा अडीनडीचा खर्च त्यातून भागे. पाहुण्यांची सरबराई, ग्रामदेवतांचे नवस व जत्रा ह्यांसाठी कोंबड्यांना मागणी असे. उलट अनेक शाकाहारी जातींत व वारकरी कुटुंबांत कोंबडी पाळणे निषिद्ध मानले जाई. त्यामुळे हा धंदा प्रायः आदिवासी, भूमिहीन व गरीब शेतकरी ह्यांच्यापुरता मर्यादित राहिला. पुढे जेव्हा तो किफायतशीर ठरला, तेव्हा हे सामाजिक बंधन शिथिल झाले व बागायतदार शेतकरीही त्यात उतरले.

रोगराई हा ह्या पारंपरिक धंद्यातील सर्वांत मोठा अडथळा होता. कुमाऊँमधील राणीखेत येथे १९२७-२८ च्या सुमारास आढळून आलेला व त्यामुळे भारतात ‘राणीखेत’ ह्या नावाने ओळखला जाणारा रोग महाराष्ट्रात मानमोडी म्हणून परिचित आहे. त्याची साथ आली की, गावातील बहुतेक कोंबड्या काही दिवसांत मरून जात. मुक्तेश्वर येथील संस्थेत विषाणूच्या सौम्य केलेल्या वाणापासून १९४० नंतरच्या दशकात लस तयार झाली आणि कोंबड्या मोठ्या संख्येने एकत्र पाळणे प्रथमच शक्य झाले. आधुनिक कुक्कुटपालनाचा खरा आरंभ नव्या जातींपेक्षाही ह्या लसीपासून मानणे सयुक्तिक ठरेल.

नियोजनाचा कालखंड : दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६–६१) अखिल भारतीय पातळीवर कुक्कुटविकासाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यानुसार देशात जी प्रादेशिक कुक्कुटपालन केंद्रे स्थापन झाली, त्यांपैकी एक मुंबईतील आरे येथे होते. व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ऑस्ट्रलॉर्प इ. परदेशी जातींची पैदास करून पिले व उबवणीची अंडी शेतकऱ्यांना पुरविणे हा त्यांचा उद्देश होता. राज्य शासनाने पुणे (खडकी), कोल्हापूर, नागपूर व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे व जिल्हापातळीवर सधन कुक्कुट विकास गट चालविले. ह्या केंद्रांतून शेतकऱ्यांना पिले, लसी व प्रशिक्षण मिळू लागले. १९७० नंतरच्या दशकात लहान शेतकरी विकास संस्था व त्यानंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम ह्यांतून कोंबड्यांसाठी कर्ज व अनुदान देण्यात आले.

ह्या शासकीय प्रयत्नांचे फळ संमिश्र होते. शुद्ध परदेशी जातींची कोंबडी योग्य खाद्य मिळाल्यास भरपूर अंडी देत असे. परंतु कडक उन्हाळा, निकृष्ट खाद्य व लसीकरणातील खंड ह्यांमुळे कर्जाऊ कोंबड्या मरून जाण्याचे व कर्ज मात्र शिल्लक राहण्याचे प्रकार घडत. तरीही कोंबड्यांना संतुलित खाद्य द्यावे लागते, पिलांना ऊब द्यावी लागते, तुसाच्या गादीवर शेकडो पक्षी एकत्र ठेवता येतात, ह्या गोष्टी शेतकऱ्यांना ह्याच काळात परिचित झाल्या. राज्यातील कोंबड्यांची संख्या १९६१ च्या पशुगणनेत सु. १ कोटी ६ लाख होती.

संकरित जाती व पुण्याचे स्थान : खाजगी क्षेत्रातील संकरित पैदाशीमुळे ह्या व्यवसायास निर्णायक वळण मिळाले. बंडा वासुदेव राव (निधन १९९६) ह्यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या व पुढे पुणे हे मुख्य केंद्र झालेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज ह्या उद्योगसमूहाने अंड्यांसाठी बॅबकॉक व मांसासाठी कॉब ह्या अमेरिकी पैदाशीच्या कोंबड्या भारतीय हवामानात वाढविल्या. वंशावळीच्या पक्ष्यांची पैदास, लसनिर्मिती, रोगनिदान, खाद्य व यंत्रसामग्री ह्या सर्व शाखा एकाच समूहात विकसित झाल्या. संकरित कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास वा त्याहून अधिक अंडी देते, म्हणजे गावठी कोंबडीच्या पाचपट. मांसल कोंबडीचे पिलू सु. चाळीस दिवसांत दोन किग्रॅ.च्या वर वजन भरते. राव ह्यांना १९९० मध्ये ‘पद्मश्री’ देण्यात आली.

उत्पादन वाढल्याबरोबर विक्रीचा प्रश्न उभा राहिला. अंडे नाशवंत असून शीतगृहाच्या अभावी ते फार काळ साठविता येत नाही. त्यामुळे शहरांतील मोजके घाऊक व्यापारी भाव ठरवीत व उत्पादकाला तो मुकाट्याने स्वीकारावा लागे. १९८० नंतर अंड्यांचे भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेल्याने अनेकांना शेड बंद करण्याची पाळी आली. ह्या परिस्थितीत राव ह्यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. निरनिराळ्या विभागांतील उत्पादकांनी आपापसांत विचारविनिमय करून रोजचा भाव जाहीर करावयाचा, अशी पद्धत तिने पाडली. दूरदर्शनवरील जाहिरातींद्वारे अंड्यांच्या नित्य सेवनाचा प्रचार केला. सरकारी आधारभावावाचून शेतमालाच्या उत्पादकांनी स्वतःचा भाव जाहीर करण्याचे हे भारतातील लक्षणीय उदाहरण होय. मात्र जाहीर भाव म्हणजे हमीभाव नव्हे. मागणी ओसरली की, व्यापारी त्यातून सूट मागतात आणि लहान उत्पादकाला ती द्यावी लागते.

करार पद्धती : मांसल कोंबड्यांच्या पालनात १९९० नंतर तमिळनाडूतील कोईमतूर परिसरातून करार पद्धती प्रसृत झाली व लवकरच ती महाराष्ट्रात पसरली. तीत कंपनी एक दिवसाचे पिलू, खाद्य, औषधे व तांत्रिक देखरेख पुरविते; शेतकरी शेड, पाणी, वीज, तूस व मजुरी ह्यांची सोय करतो. पक्षी अखेरपर्यंत कंपनीच्या मालकीचे असतात. ते विक्रीयोग्य झाल्यावर कंपनीच ते उचलते व शेतकऱ्यास वजनाच्या प्रमाणात संगोपन शुल्क देते. खाद्याचे मांसात रूपांतर होण्याचे प्रमाण व मरतूक ह्यांनुसार हे शुल्क कमी-अधिक होते.

ह्या पद्धतीचा फायदा उघड आहे. खेळत्या भांडवलाचा बोजा व बाजारभावातील चढउतार ह्यांपासून शेतकरी बऱ्याच अंशी मुक्त होतो. पुणे, नासिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), सातारा, सांगली व रायगड ह्या जिल्ह्यांत कोरडवाहू व अल्पभूधारक शेतकऱ्यांनी ह्यामुळेच कर्ज काढून शेड उभारल्या. पशुगणनेनुसार १९९७ मध्ये सु. ३ कोटी ५४ लाख असलेली राज्यातील कोंबड्यांची संख्या २००७ मध्ये सु. ६ कोटी ४८ लाखांवर व २०१२ मध्ये सु. ७ कोटी ७८ लाखांवर गेली, ती मुख्यतः ह्या प्रकारच्या पालनामुळे. २०१९ च्या गणनेत ती सु. ७ कोटी ४३ लाख भरली व राज्याचा देशात पाचवा क्रमांक लागला. त्या वर्षी देशातील एकूण संख्या सु. ८५ कोटी १८ लाख होती.

तोटेही तितकेच स्पष्ट आहेत. शेडचे कर्ज दीर्घ मुदतीचे असते, पण करार एका वेळी एका तुकडीपुरताच असतो. बाजार पडला की, कंपनी पुढील तुकडी उशिरा टाकते वा टाकतच नाही. शेड रिकामी राहते आणि कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. पिलांची प्रत व खाद्याचा दर्जा ह्यांवर शेतकऱ्याचे नियंत्रण नसते. तथापि त्यांच्या दोषाचा परिणाम त्याच्याच शुल्कावर होतो. केंद्र शासनाने २०१८ मध्ये शेतमाल व पशुधन ह्यांच्या करार शेतीसाठी आदर्श अधिनियमाचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यात करारांची नोंदणी व तंट्यांचा निवाडा ह्यांची तरतूद आहे. संगोपन शुल्काचा किमान दर निश्चित व्हावा, ही महाराष्ट्रातील पालकांची मागणी अनेक आंदोलनांतून पुढे आली आहे.

शेतीशी असलेले संबंध : कुक्कुटपालनाचे कृषिविषयक महत्त्व केवळ अंडी व मांस ह्यांच्या किमतीवरून मोजता येत नाही. पशुगणनेत एका विशिष्ट वेळी असलेले पक्षी मोजले जातात. मांसल कोंबडीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे असल्याने एकाच शेडमधून वर्षाला पाच तुकड्या सहज निघतात. म्हणून गणनेतील आकड्यांच्या कितीतरी पट पक्षी प्रत्यक्षात वर्षभरात वाढविले जातात. ह्या पक्ष्यांच्या उत्पादनखर्चाचा सु. दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग खाद्यावर होतो, आणि हे खाद्य शेतातूनच येते.

हे प्रमाण उदाहरणाने स्पष्ट होईल. पाच हजार मांसल पक्ष्यांची शेड सु. पाच गुंठे जागा व्यापते. वर्षात पाच तुकड्या व प्रत्येक पक्ष्याचे वजन दोन किग्रॅ. धरल्यास तीतून ५० टन जिवंत वजनाचे उत्पादन होते. एक किग्रॅ. वजनास १.७ किग्रॅ. खाद्य ह्या हिशेबाने ८५ टन खाद्य लागते. त्यात साठ टक्के मका असल्यास ५१ टन मका लागेल. हेक्टरी अडीच टन उत्पादन गृहीत धरल्यास हे २० हेक्टरांचे पीक होय. खाद्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी सोयाबीन पेंड धरली, तर तिच्यासाठी आणखी सु. २० हेक्टर वा त्याहून अधिक क्षेत्रातील सोयाबीन लागते. म्हणजे पाच गुंठ्यांवरील एक शेड चाळीस हेक्टरांवरील पिकाला गिऱ्हाईक मिळवून देते. नासिक, जळगाव, धुळे व छत्रपती संभाजीनगर ह्या जिल्ह्यांतील मक्याचा, त्याचप्रमाणे विदर्भ व मराठवाड्यातील सोयाबीनचा विस्तार हा कुक्कुटखाद्याच्या मागणीपासून वेगळा काढता येत नाही.

उलट दिशेनेही शेतीला लाभ होतो. गादीवरील तूस व विष्ठा मिळून होणारे कोंबडखत नत्र व स्फुरद ह्यांनी समृद्ध असते. द्राक्षे, डाळिंब, ऊस व भाजीपाला ह्यांच्या बागायतदारांकडून त्यास चांगली मागणी असते. भातगिरण्यांतून निघणाऱ्या तुसाला त्यामुळेच किंमत आली. ह्याखेरीज पिलांची वाहतूक, खाद्यनिर्मिती, अंड्यांचे ट्रे, पिंजरे व औषधे ह्यांचे उद्योग आणि जिवंत पक्ष्यांची किरकोळ विक्री करणारी असंख्य दुकाने ह्यांत रोजगार निर्माण होतो. पाऊस हुकला तरी शेडमधील उत्पन्न बंद पडत नाही, ही गोष्ट अवर्षणप्रवण भागात विशेष महत्त्वाची आहे. सांगली जिल्ह्यातील विट्यासारख्या पर्जन्यछायेतील गावी हा व्यवसाय मूळ धरून वाढला, ह्याचे कारण हेच होय.

मका-सोयाबीन उत्पादक व कोंबडीपालक ह्यांचे हितसंबंध मात्र नेहमीच जुळतात असे नाही. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचे भाव विक्रमी पातळीवर गेले. जुलै-ऑगस्टच्या सुमारास लातूरच्या बाजारात ते क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात होते. पेंड महागल्याने कोंबडीपालक अडचणीत आले व त्यांच्या संघटनांच्या मागणीवरून केंद्र शासनाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली. नवे पीक बाजारात येण्याच्या तोंडावर हा निर्णय झाल्याने सोयाबीन उत्पादकांनी त्यास तीव्र विरोध केला. हंगामात भाव पाच हजारांच्या आसपास उतरले. पुढे मक्यापासून इथेनॉल तयार करण्याच्या धोरणामुळे मक्यालाही नवा ग्राहक मिळाला. भाव चढले व २०२४ मध्ये देशाला मका आयात करावा लागला. एका शेतकऱ्याच्या पिकाचा भाव हा दुसऱ्याचा उत्पादनखर्च असतो. ह्यातील तोल कसा सांभाळावयाचा, हा राज्याच्या कृषिधोरणापुढील कठीण प्रश्न आहे.

बाजारपेठ व आहार : महाराष्ट्रातील मागणी हंगामी आहे. आषाढ अमावास्येपूर्वी कोंबडीचे भाव चढतात. श्रावणात, तसेच गणेशोत्सव व नवरात्रात ते घसरतात. हिवाळ्यात अंड्यांचा खप वाढतो. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील उष्णतेने पक्षी खाद्य कमी खातात, अंडी घटतात व मरतूक वाढते. ह्या चक्राचा अंदाज घेऊन तुकड्यांचे नियोजन करणे हे पालकाचे मुख्य कौशल्य होय.

मुंबई-पुण्याच्या सान्निध्यामुळे मांसल कोंबड्यांच्या पालनात राज्य अग्रेसर झाले. परंतु अंड्यांच्या बाबतीत ते स्वयंपूर्ण नाही. २०२३ च्या आरंभी पशुसंवर्धन विभागाच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या माहितीनुसार राज्यात रोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी खपत होती व सु. एक कोटीची तूट होती. ही तूट कर्नाटक, तेलंगण व तमिळनाडू ह्या राज्यांतून भरून काढण्यात येत होती. २०२३-२४ मध्ये देशातील सु. १४,२७७ कोटी अंड्यांपैकी एकट्या आंध्र प्रदेशाचा वाटा सु. १८ टक्के व तमिळनाडूचा सु. १५.५ टक्के होता. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. आधुनिक पैदाशीचे एक प्रमुख केंद्र पुण्यात असूनही अंडी बाहेरून आणावी लागावीत, ही विसंगती लक्षणीय आहे.

तिचे एक कारण सार्वजनिक मागणीत आढळते. तमिळनाडूत शालेय भोजनात अंडे देण्यास १९८९ मध्ये आरंभ झाला व कालांतराने त्याचे प्रमाण वाढत गेले. नामक्कल परिसरातील उत्पादकांना त्यामुळे वर्षभराची खात्रीची बाजारपेठ लाभली. महाराष्ट्रात आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी २०१५ मध्ये अमृत आहार योजना सुरू झाली व पुढे तेथील बालकांना अंडी देण्यात येऊ लागली. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय मात्र २०२३ च्या अखेरीस झाला व २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा राज्याचा निधी बंद करून लोकसहभागातून खर्च भागविण्यास शाळांना सांगण्यात आले. कुपोषणाच्या दृष्टीने अंड्यासारखे स्वस्त व परिपूर्ण प्रथिन दुसरे क्वचितच आढळेल. त्यामुळे ह्या प्रश्नाला शेतकऱ्याच्या उत्पन्नाइतकीच बालकांच्या पोषणाचीही बाजू आहे.

आपत्ती : हजारो पक्षी एकत्र असल्याने रोगाचा प्रसार झपाट्याने होतो. १९९२-९३ च्या सुमारास गंबोरो रोगाच्या तीव्र साथीने देशभर हानी केली. त्याहून मोठा आघात बर्ड फ्लूचा होता. नंदुरबार जिल्ह्यातील गुजरातच्या सीमेवरील नवापूर येथे मोठ्या संख्येने कोंबड्या मेल्या व १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूचे निदान केले. भारतातील ही पहिली नोंद होय. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही रोग आढळला. बाधित क्षेत्रातील पक्षी, अंडी व खाद्य नष्ट करण्यात आले. घरोघरच्या गावठी कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत. त्या साथीत मानवी लागण सिद्ध झाली नाही आणि चांगले शिजविलेले मांस व अंडी निर्धोक असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. तरीही सर्व देशात खप कोसळला व रोगापासून शेकडो मैल दूर असलेल्या पालकांचे नुकसान झाले. नवापूरच्या व्यावसायिकांनी व्यवसाय पुन्हा उभा केला. पण २०२१ च्या फेब्रुवारीत तेथे पुन्हा रोगाचा उद्भव झाला. त्यापूर्वी जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सु. ८०० कोंबड्या मेल्या होत्या. नुकसानभरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी मिळते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांसाठी व बाजारभाव पडल्यामुळे झालेल्या हानीसाठी ती मिळत नाही.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर रोगाविना आपत्ती आली. कोंबडीच्या मांसामुळे करोना होतो, अशी निराधार अफवा समाजमाध्यमांतून पसरली. भाव इतके कोसळले की, खाद्याचाही खर्च निघेना. अनेक ठिकाणी पालकांनी पक्षी फुकट वाटले वा खड्ड्यात पुरले. नवख्या पालकांच्या भाबडेपणाचा फायदाही घेतला गेला. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात उघडकीस आलेल्या प्रकरणात कडकनाथ कोंबड्यांची पिले महाग विकून अंडी चढ्या भावाने परत घेण्याचे आश्वासन देण्यात आले होते. अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची ठेव त्यात बुडाली.

परसातील कुक्कुटपालन : नंदुरबार, पालघर, गडचिरोली ह्यांसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत परसातील पालन आजही टिकून आहे. हैदराबाद येथील संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराजा, तसेच बंगलोर येथील गिरिराजा ह्या जाती अशा पालनास उपयुक्त ठरल्या आहेत. त्या गावठी कोंबडीसारख्या रंगीत व काटक असून अंडी व मांस अधिक देतात. गावठी अंड्यास व कोंबडीस शहरांत मिळणारा वाढीव भाव हेही एक उत्तेजन आहे. देशातील परसातल्या पक्ष्यांची संख्या २०१२ ते २०१९ ह्या काळात सु. ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यापारी शेडमधील वाढ सु. साडेचार टक्केच होती. नियमित लसीकरण ही ह्या पालनाची मुख्य गरज आहे. मानमोडीची लस वेळेवर मिळाली, तर भूमिहीन कुटुंबातील स्त्रीच्या हाती स्वतःचे असे थोडे उत्पन्न राहते; न मिळाली, तर एका साथीत सर्व जाते.

कायदेशीर स्थान : कुक्कुटपालन ही शेती की उद्योग, हा वाद जुना आहे. मका पिकविणारा शेतकरी वीजदर, कर्ज व कर ह्यांबाबत सवलतींस पात्र ठरतो. तोच मका कोंबड्यांना खाऊ घालणाऱ्यास व्यावसायिक मानले जाते व त्याच्या शेडवर ग्रामपंचायती निरनिराळ्या दराने कर आकारीत आल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये पशुसंवर्धनास कृषि-समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानुसार २५,००० पर्यंत मांसल किंवा ५०,००० पर्यंत अंड्यांवरील पक्षी असलेल्या प्रकल्पांना कृषिदराने वीज, कर्जावरील व्याजात सवलत व ग्रामपंचायत करात एकसूत्रीपणा ह्यांचा लाभ देण्याचे ठरले. ह्या निर्णयामुळे उत्पादनखर्चाचा काही भार हलका होण्याची अपेक्षा आहे. करारातील जोखमीची विभागणी, साथींच्या वेळची पूर्ण भरपाई व खाद्यधान्याच्या भावातील स्थैर्य हे प्रश्न मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतात. आणि लहान पालक ह्या व्यवसायात टिकून राहतो की नाही, हे बव्हंशी त्यांच्याच उत्तरांवर अवलंबून आहे.